केमो चालू असताना वजनं उचलायची का?

अबोली_७

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (फक्त वाचणाऱ्यांत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

डाव्या स्तनाचा कॅन्सर. गाठीपुरतं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही बऱ्याच काढल्या. आता केमो चालू आहे. आधी ते लाल औषध (डॉक्सोरुबिसिन), मग पॅक्लिटॅक्सेल, मग रेडिएशन, मग हार्मोनची गोळी असा सगळा बेत आहे. आजाराबद्दल इथे विचारत नाही. त्यासाठी माझे डॉक्टर आहेत आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

प्रश्न व्यायामाचा आहे. आजारपणाआधी मी नियमित वेट ट्रेनिंग करायचे, स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), सगळं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "चालत राहा." डिस्चार्जच्या कागदावर छापलंय, 'ऑपरेशन झालेल्या हाताने जड उचलू नये'. जड म्हणजे किती, आणि हे किती दिवस, ते कुठेच नाही. घरचे तर पाण्याची बाटलीही हातात देईनात. नेटवर बघावं तर एकीकडे 'संपूर्ण विश्रांती घ्या' आणि दुसरीकडे केस गेलेल्या बायका बारबेल उचलतायत.

या वाटेने गेलेल्यांनी आणि या क्षेत्रातल्यांनी प्लीज लिहा. 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही चालेल. (हलकेच घ्या.)

मोरपीस

अबोली, आधी एक घट्ट मिठी. माझं मत विचारशील तर आत्ता आराम कर गं. शरीर एवढं मोठं युद्ध लढतंय, त्याला आणखी कशाला दमवायचं? वजनं काय, वर्षभराने उचलता येतील.

सांधेवाली

अबोली, मी फिजिओ आहे आणि माझं बरंचसं काम कॅन्सरच्या पेशंटबरोबरच असतं. तुला तपासल्याशिवाय प्रोग्रॅम लिहून देणार नाही, पण त्या छापील ओळीचं काय करायचं ते सांगते.

ती ओळ जुनी आहे. काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फच्या ग्रंथी, काढल्या की लिम्फ (पेशींभोवतीचा पातळ द्रव) वाहून नेणारे मार्ग कमी होतात, मग त्या हाताला कष्ट दिले तर तो सुजेल, असा तर्क होता. ऐकायला पटतो. पण हात वापरायचाच सोडला तर दंडातली ताकद जाते, आणि मग एखाद्या दिवशी साधी प्रवासाची बॅग उचलली तरी त्या हाताला ते झेपत नाही. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या २४ जणींना घेऊन ड्रॅगन बोट वल्हवायला सुरुवात केली. वल्हं मारणं म्हणजे हाताचं, खांद्याचं, पाठीचं सततचं दणकट काम. एकीलाही नव्याने सूज आली नाही. त्या वेळी हे धाडसच होतं.

पुढे कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या गटाने अमेरिकेत नीट चाचणी केली. २००९ मध्ये, हात आधीच सुजलेल्या १४१ जणींवर. आठवड्यातून दोनदा वजनं, वर्षभर, सुरुवातीचे १३ आठवडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. सूज वाढण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं, ११ आणि १२ टक्के. पण सूज अचानक उसळण्याचा त्रास वजनं उचलणाऱ्यांमध्ये १४ टक्के जणींना झाला आणि न उचलणाऱ्यांमध्ये २९ टक्के जणींना. २०१० मध्ये, सूज नसलेल्या पण धोका असलेल्या बायकांवरही त्यांनी हेच केलं. तिथेही वजनांनी सूज वाढवली नाही. पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांमध्ये तर ७ टक्के विरुद्ध २२ टक्के, म्हणजे उचलणाऱ्या बऱ्या राहिल्या.

आता तुझा प्रश्न, जड म्हणजे किती. त्या चाचणीत वजनाला वरची मर्यादाच नव्हती. मर्यादा होती ती वाढवण्याच्या वेगाला. सुरुवात अगदी नगण्य वजनाने. दोन सेशन हाताला काही जाणवलं नाही, तर उपलब्ध असलेलं सगळ्यात लहान माप वाढवायचं. आठवड्याहून जास्त खंड पडला की मागे येऊन पुन्हा चढायचं. म्हणून मी पेशंटना सांगते, हाताला सवय आहे त्यापेक्षा एकदम जास्त, ते जड. मग ते एक किलो असेल किंवा दहा.

मोरपीस, तुमचा हेतू चांगला आहे, पण वर्षभर थांबायचं हे मला अजिबात मान्य नाही. केमोत स्टेरॉइड असतात, भूक कमी होते, हालचाल घटते. स्नायू झपाट्याने उतरतात. वर्षाने सुरुवात शून्याच्याही खालून करावी लागते.

मोरपीस

बरं ताई, मी गप्प बसते आणि वाचते. :)

साशंक

'अभ्यास सांगतो' म्हटलं की माझे कान टवकारतात. व्यायामाच्या चाचणीत नाव कोण देतं? ज्याला मुळात व्यायाम करावासा वाटतो आणि ज्याच्या अंगात त्राण आहे तो. ज्यांची उलटी थांबत नाही ते कशाला जातील? तेव्हा हे निकाल सगळ्यांना लावण्याआधी जरा दमाने घ्या.

शिवाय थकवा कमी झाला हे कोण सांगतं? पेशंटच. आणि तिला माहीत असतं की आपण व्यायामाच्या गटात आहोत.

आकडेमोड

@साशंक, दोन्ही मुद्दे रास्त आहेत, पण अर्धेच. चाचणीत येणारे लोक उत्साही असतात हे खरं, पण दोन्ही गट त्या उत्साही लोकांमधूनच रँडम पाडलेले असतात. त्यामुळे तुलना खोटी पडत नाही, फक्त निकाल ताणून सगळ्यांना लावता येत नाही. थकव्याचं म्हणाल तर तो पेशंटनेच सांगायचा असतो, त्याला इलाज नाही. पण दम (स्टॅमिना) आणि ताकद यंत्रावर मोजतात, आणि तिथेही फरक दिसतो.

माझ्या घरात हे दुखणं येऊन गेल्यामुळे तेव्हा जे वाचलं ते लिहितो.

ही कल्पना आजची नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत मॅकव्हिकर, विनिंगहॅम यांच्या नर्सिंग संशोधनात केमो चालू असलेल्या बायकांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं होतं, आठवड्यातून तीनदा, १० आठवडे, वेग कमीजास्त करत. त्यांचा दम वाढला. केमो चालू असताना! पुढची दहाएक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

२००७ मध्ये कॅनडात कर्निया यांची 'स्टार्ट' चाचणी झाली. केमो चालू असलेल्या २४२ जणी, तीन गट: सायकल-ट्रेडमिलवाला, वजनांवाला आणि नेहमीसारखा. वजनांच्या गटाला ठरलेल्या केमोचा जास्त वाटा पूर्ण घेता आला. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या 'पॅसेस'मध्ये देखरेखीखाली बऱ्यापैकी जोरात व्यायाम करणाऱ्यांपैकी १२ टक्के जणींचा डोस कमी करावा लागला, तर नेहमीच्या गटात ३४ टक्के जणींचा. आणि घरी हलकं चालणाऱ्या गटात डोसच्या बाबतीत हा फायदा दिसला नाही. अबोली, तुमच्या डॉक्टरांच्या 'चालत राहा'चं काय करायचं त्याचा थोडा अंदाज इथे येतो.

पण गुलाबी चित्र रंगवत नाही. येलच्या २०२३ च्या 'लिॲनर' चाचणीत आहार आणि घरच्या घरी व्यायाम दिला, तिथे केमोच्या डोसमध्ये दोन्ही गटांत फरक पडला नाही. अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'ॲस्को'ने, २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बरं करण्याच्या उद्देशाने चालू असलेल्या उपचारांत एरोबिक आणि ताकदीचा व्यायाम सुचवा, अशी स्पष्ट शिफारस आहे. कारणं: थकवा, दम, ताकद, चिंता, जगण्याचा दर्जा. केमो पूर्ण होण्यासाठी किंवा आजार परत येऊ नये म्हणून सुचवायला मात्र पुरेसा पुरावा नाही, असंही तिथेच लिहिलंय. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते.

साशंक

हे पटलं. 'पुरावा कशाचा आहे आणि कशाचा नाही' एवढं कुणी नीट मांडलं की माझी तक्रार नसते.

गगनभरारी

अहो पण आता तर सिद्ध झालंय ना, व्यायामाने कॅन्सर परत येत नाही म्हणून? २०२५ मध्ये मोठी बातमी होती. औषधाइतका गुण म्हणे. मग केमोचे हाल कशाला करून घ्यायचे?

आकडेमोड

@गगनभरारी, ती 'चॅलेंज' चाचणी. ८८९ पेशंट, तीन वर्षांचा आखीव व्यायाम कार्यक्रम, आणि पाच वर्षांनी आजार न परतलेले ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९ टक्के. निकाल भारीच आहे. पण तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आहे, स्तनाच्या नाही. आणि ते सगळे पेशंट ऑपरेशन आणि केमो उरकून मग व्यायामाला लागले होते. केमोऐवजी व्यायाम हा प्रश्न त्या चाचणीत कुणी विचारलाच नव्हता. कृपया असं लिहू नका, कुणीतरी अर्धवट वाचून उपचार सोडेल.

सांधेवाली

+१००. संपादकांनी गगनभरारींच्या शेवटच्या वाक्याकडे बघावं.

तिसरा_दिवस

अबोली, मी तुझ्याच क्रमाने गेले, लाल औषध आणि मग पॅक्लिटॅक्सेल. पुस्तकातला 'आठवड्यातून तीनदा' केमोत तसाच्या तसा जमत नाही, हे आधीच सांगते.

माझं चक्र असं असायचं. केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डेक्सामेथासोनच्या (केमोबरोबर देतात ते स्टेरॉइड) जोरावर एकदम हुशारी. रात्री झोप नाही, कपाट आवरावंसं वाटतंय, जग जिंकावंसं वाटतंय. मग डेक्सा उतरलं की तिसऱ्या दिवशी सपाट. त्यात काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) वाढवायचं इंजेक्शन घेतलेलं असलं तर कंबरेची, मांडीची हाडं आतून ठणकतात. माझ्या ट्रेनरचा नियम होता की डेक्साच्या हुशारीवर भरवसा ठेवून वजन वाढवायचं नाही. त्या दोन दिवसांत नेहमीचंच करायचं, एक रेपही (एक उचल) जास्त नाही. सपाट दिवसांत फक्त चालणं, तेही घरातल्या घरात, थोडं थोडं दिवसातून तीन-चार वेळा. आणि चक्राच्या शेवटच्या आठवड्यात, पुढच्या केमोच्या आधी, मात्र खरा व्यायाम. वजन वाढवायचं असेल तर तेव्हाच.

दुसरं, घड्याळातल्या नाडीवर जाऊ नकोस. हिमोग्लोबिन खाली आलं की नुसतं बसलं तरी नाडी धावते. ट्रेनरने ते घड्याळ काढूनच ठेवायला लावलं होतं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर पुरे.

पॅक्लिटॅक्सेलमध्ये माझी बोटं बधिर झाली. हे नीट लिहिते कारण कुणी सांगत नाही. डंबेल हातात आहे हे डोळ्यांना दिसायचं, पण पकड घट्ट आहे की सैल ते बोटांना कळायचं नाही. छातीवर डंबेल घेऊन झोपायचे व्यायाम त्या दिवशीच बंद केले आणि मशीनवर आले, तिथे हात सुटला तरी काही अंगावर पडत नाही. तळपायही बधिर, त्यामुळे एका पायावरचे प्रकार भिंतीला हात लावून. ट्रेडमिलऐवजी बसायची सायकल. आणि अनवाणी व्यायाम अजिबात नाही, तळव्याला काही लागलं तरी समजत नाही.

अबोली_७

तिसरा_दिवस, डेक्साचं वाचून हसू आलं. मी पहाटे मसाल्याचे डबे पुसत बसले होते! आता समजलं ते काय होतं.

सांधेवाली ताई, एक विचारायचंय. हात वर करताना काखेपासून कोपरापर्यंत आत दोरी ताणल्यासारखं होतं. आरशात बघितलं तर खरंच कातडीखाली तार दिसते. स्नायू आखडलाय समजून ताणत राहू का?

सांधेवाली

ती तारच आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर बऱ्याच जणींना होते. आम्ही कॉर्डिंग म्हणतो. घाबरायचं काही नाही, पण दाखवून घे. फिजिओ हाताने हळूहळू सोडवतात आणि हाताची हालचाल चालू ठेवायला लावतात. झटके देऊन ताणायचं नाही, आणि दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून बसायचंही नाही. कधीकधी ती 'टक्' करून सुटते आणि माणूस दचकतो. त्याने नुकसान होत नाही.

आणि हे आत्ताच का करायचं, तर पुढे रेडिएशन आहे म्हणून. त्या टेबलावर हात डोक्याच्या वर, आधारावर ठेवून निश्चल पडायचं असतं, प्लॅनिंग स्कॅनला आणि मग रोज. हात तेवढा वर जात नसेल तर प्लॅनिंगच पुढे ढकललं जातं. माझ्याकडे घाईघाईत पाठवलेल्या पेशंटांपैकी कितीतरी जणी याच कारणाने येतात. ऑपरेशननंतर लगेच पाठवलं असतं तर ही धावपळ टळली असती, पण बऱ्याच ठिकाणी फिजिओ आठवतो तो खांदा अडकल्यावर.

इंग्लंडमध्ये 'प्रॉस्पर' नावाची चाचणी झाली, २०२१ मध्ये छापली गेली. खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असलेल्या ३९२ जणी. ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवसांतच फिजिओकडून व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षानंतर जास्त चांगला चालत होता, आणि लवकर सुरू केल्याने जखमेचा त्रास वाढला नाही. जखमेतली नळी असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा, एवढं पथ्य.

सावली_मागे

ताई, माझा स्तन पुन्हा बांधलाय, छातीच्या स्नायूखाली इम्प्लांट आहे. मला हे सगळं लागू आहे का?

सांधेवाली

पाय, पाठ, चालणं लागू. छातीचे व्यायाम, म्हणजे पुश-अप, चेस्ट प्रेस, हे तुमच्या सर्जननी हो म्हटल्याशिवाय नाही. पोटाचा भाग घेऊन स्तन पुन्हा बांधला असेल तर सिट-अपसारखे प्रकारही त्यांना विचारूनच. यात इंटरनेटवरच्या कुणाचंही ऐकू नका, माझंही.

एकटाच_जागा

इथे बहुतेक बायका लिहितायत, मी नवरा आहे. बायकोची केमो चालू आहे. दिवसभर पडून असते. हे सगळं वाचून तिला सांगितलं की चल, फिरायला जाऊ, तर भांडण झालं. म्हणाली, तुला माझा त्रास दिसत नाही. आता काय करू?

पुरे_झालं

तुमच्या बायकोच्या बाजूने मी लिहिते.

मला उपचारात व्यायाम जमला नाही. उलट्या, तोंड आलेलं, दोन लहान मुलं, आणि घरात दुसरं कुणी नाही. प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न, 'व्यायाम करताय ना?' आधी खाण्यावरून, मग मनावरून, आता व्यायामावरून. आजार होण्याचंही खापर आपल्यावर आणि बरं न होण्याचंही. या धाग्यावर चांगली माहिती आहे, मी नाकारत नाही. पण जिला जमत नाही तिच्यासाठी इथे एक ओळही नव्हती, म्हणून ही लिहिली.

सांधेवाली

पुरे_झालं, बरं झालं लिहिलंत. उपचारात व्यायाम केला नाही म्हणून कॅन्सर परत आला, असं म्हणायला कसलाही आधार नाही. आकडेमोड यांनी वर तेच लिहिलंय. 'व्यायाम करताय ना?' असं विचारून पुढच्या पेशंटला हाक मारणं याला मीही सल्ला म्हणत नाही. मुलं सांभाळायला कुणी नसेल तर त्या बाईला व्यायामाचा कागद काय कामाचा?

एकटाच_जागा, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलंय का ते विचारा. झोप, दुखणं, मन उदास आहे का, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पडून राहण्यामागे यातलं काही असेल तर ते आधी. सगळं ठीक असेल तर 'फिरायला चल' म्हणू नका, ते तिला आत्ता डोंगराएवढं आहे. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, जमेल तेवढ्या वेळा, मग थांबायचं. मांड्यांचा याहून चांगला व्यायाम आम्ही दवाखान्यातही सुरुवातीला देत नाही. उद्या एक जास्त जमलं तर जमलं. आणि तिच्यासमोर मोजू नका!

केमोचा थकवा झोपून जात नाही, हे लोकांना पटायला जड जातं. २०१७ मध्ये ११३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही थकव्यासाठी औषधांपेक्षा सरस ठरले. पण हे तिला आज ऐकवायचं नाही.

एकटाच_जागा

रिपोर्ट काढला, हिमोग्लोबिन ८.१. डॉक्टरांना फोन केलाय. धन्यवाद. खुर्चीचं नंतर बघतो.

चौथी_पायरी

मी इथे बसते की नाही माहीत नाही, कारण माझा आजार हाडांत पसरलेला आहे आणि उपचार आता आयुष्यभराचे आहेत. सुरुवातीला मला सगळ्यांनी, डॉक्टरांसकट, 'जपून' एवढंच सांगितलं. जपून जपून माझे पाय असे झाले की जिना चढताना कठडा धरावा लागायचा.

मग 'प्रेफरेबल' नावाची चाचणी वाचनात आली, २०२४ मध्ये छापलेली. पाच युरोपीय देश आणि ऑस्ट्रेलिया, ३५७ जणी, सगळ्या माझ्यासारख्या पसरलेल्या आजाराच्या. नऊ महिने देखरेखीखाली व्यायाम. थकवा कमी झाला, जगण्याचा दर्जा सुधारला. हाडांत आजार असलेल्याही त्यांत बऱ्याच होत्या. फक्त ज्यांची हाडं अस्थिर आहेत त्यांना घेतलं नव्हतं. तो लेख छापून डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी स्कॅन पुन्हा उघडून कुठल्या हाडाला काय चालेल ते फिजिओला लिहून दिलं. माझ्या मणक्यात आहे, म्हणून पुढे वाकून उचलणं, पीळ देणं आणि उड्या बंद. पायांचं मशीन, बसून रोइंगसारखं हलकं ओढणं, सायकल, हे चालू. नवं दुखणं उठलं, विशेषतः रात्रीचं, की थांबायचं आणि फोन करायचा.

कठडा आता लागत नाही. आजार आहे तिथेच आहे.

अबोली_७

चौथी_पायरी, तुम्ही इथेच बसता. अगदी पहिल्या रांगेत.

गोळीवाली

पुढच्यांसाठी लिहून ठेवते. हार्मोनची गोळी सुरू झाली (माझी लेट्रोझोल आहे) की सांधे धरतात. सकाळी पलंगावरून उतरले की पहिली काही पावलं म्हातारीसारखी, बोटं वळत नाहीत. याच दुखण्यापायी पुष्कळ जणी गोळी सोडतात, आणि ती तर वर्षानुवर्षं घ्यायची असते. यावर 'होप' नावाची चाचणी झालीय, २०१५ मध्ये छापलेली, १२१ जणी, वर्षभर. आठवड्यातून दोनदा वजनं आणि १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. सर्वांत वाईट दुखण्याचा आकडा २९ टक्क्यांनी खाली आला. दुसऱ्या गटात तो किंचित वरच गेला. माझं दुखणं संपलेलं नाही, पण गोळी सोडलेली नाही. या गोळ्यांनी हाडंही विरळ होतात, त्यामुळे डेक्सा स्कॅन चुकवू नका (औषध नव्हे, हाडांच्या तपासणीचा स्कॅन).

धावता_धोटा

पोहण्याचं काय? मला वाटतं सगळ्यात हलका व्यायाम तोच.

सांधेवाली

हलका खरा, पण उपचारात बहुतेक वेळा नकोच. जखम भरलेली नसताना नाही, दंडात पिक लाइन (औषधासाठी शिरेत ठेवलेली नळी) असताना नाही, काउंट पडलेले असताना सार्वजनिक तलावात नाही, आणि रेडिएशनमध्ये कातडी लाल झाली असेल तर क्लोरीनचं पाणी नाही. नंतर खुशाल पोहा.

अबोली_७

मंडळी, तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद घेऊन फिजिओकडे गेले होते. डॉक्टरांशीही पुन्हा बोलले. लाल औषधाआधी झालेला हृदयाचा इको त्यांनी परत बघितला आणि हो म्हणाले. ठरलंय ते असं.

आठवड्यातून दोनदा ताकद. पायांना मशीन आणि खुर्चीवरचे स्क्वॉट, पाठीला थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा), डाव्या हाताला सुरुवातीला एक किलोपेक्षाही कमी. प्रत्येकाचे दोन सेट, शेवटचे दोन-तीन रेप जड वाटतील इतपत. बाकीचे दिवस भरभर चालणं, तीसेक मिनिटं, एका दमात नाही जमलं तर तुकड्यांत. सपाट दिवसांत काही नाही. दोन्ही दंडांचा आणि मनगटांचा घेर टेपने दर महिन्याला, त्याच जागी. डेडलिफ्टवर फिजिओ म्हणाल्या, केमो संपेपर्यंत रिकाम्या काठीने फक्त हालचाल ठेव. आजवर 'थांब' म्हणणारे पुष्कळ भेटले, कशी सुरुवात करायची ते सांगणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं.

केमोनंतर सात ते चौदा दिवसांत काउंट तळाला असतात म्हणून त्या आठवड्यात जिमला जाणार आहे ती दुपारी, तेव्हा गर्दी नसते.

सांधेवाली

छान बेत आहे. एकच बदल कर. काउंट तळाला असलेल्या आठवड्यात जिम नकोच. दुपारीसुद्धा हँडलं तीच असतात. थेराबँड घरी ने आणि तेवढे दिवस घरीच कर. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर व्यायामाचा विचारच नाही, थेट हॉस्पिटलला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी आलेत असं कळलं तर वजनं ठेवून दे आणि डॉक्टरांना विचार. छातीत दुखणं, चक्कर, एकाच पायाला सूज, यातलं काही झालं तर तसंच थांब.

टेपचं ठीक, पण घेर वाढायच्या आधी बहुधा हात जड वाटायला लागतो, अंगठी घट्ट होते. तसं वाटलं की महिन्याची वाट बघू नकोस.

अबोली_७

घेतला बदल. जिमच्या ऐवजी घर. थेराबँड कुठल्या रंगाचा आणू? फिजिओंकडचा पिवळा होता.

सांधेवाली

बहुतेक कंपन्यांचा पिवळा हलका असतो आणि लाल त्याच्या पुढचा. डाव्या हाताला पिवळाच, पाठीला लाल चालेल. दर वेळी ताणायच्या आधी चिरा पडल्यात का बघ. दाराला अडकवणार असशील तर दार तुझ्या बाजूला उघडणारं नको.

तिसरा_दिवस

आणि गाठ मार, हातात गुंडाळू नकोस. बोटं बधिर झाल्यावर गुंडाळलेला बँड कधी सुटतो ते कळत नाही. सणसणीत बसतो.